कुजबुजती जर्मन

दुपारची भांडी पुसताना हातातून स्टीलची वाटी निसटली आणि फरशीवर गरगरत राहिली. त्या वेळी आमच्या घरात इतकी शांतता असते की वाटीचा तो आवाज मला कुणी थाळी पिटल्यासारखा वाटला. सासूबाई चटईवर आडव्या झाल्या होत्या, त्यांच्या पोटाशी वैदेही. मी झडप घालून वाटी तळव्याखाली दाबली आणि तोंडातून हळूच निघालं, "एन्टशुल्डिगुंग."

म्हणजे माफ करा. वाटीला म्हटलं की सासूबाईंना, देव जाणे. पण तो शब्द मी आधी मराठीत जुळवून मग जर्मनमध्ये फिरवला नव्हता. तो आपला आपण आला होता, शिंक यावी तसा. ओट्याला टेकून मी तशीच बसले आणि एकटीच हसले. आवाज न करता. आवाज न करता हसायला मला फार चांगलं जमतं.

दादरच्या जर्मन क्लासात इतके महिने घालवून जे झालं नव्हतं, ते लालबागच्या आमच्या एका खोलीत मेंढ्यांनी करून दाखवलं होतं.

मेंढ्यांचं सांगायचं तर आधी नोकरीचं सांगायला हवं. मी नर्स. वैदेही झाली तेव्हा हॉस्पिटल सोडलं, कारण नाइट ड्युटी आणि अंगावरचं मूल दोन्ही एका बाईकडून होत नाही. ती पहिलीत गेली तेव्हा कळलं की सासरे ज्या मिलमध्ये होते तिच्या जागेवर जी काचेची बिल्डिंग उभी आहे, तिथे एक कंपनी जर्मनीतल्या आजारी माणसांचे इन्शुरन्सचे क्लेम तपासते. त्यांना नर्सिंगही कळतं आणि जर्मनही येतं अशी माणसं हवी होती. दिवसाची ड्युटी. चालत जाण्याइतकी जवळ. वैदेही तापली तर मधल्या सुट्टीत घरी येऊन बघून जाता येईल इतकी. ह्या नोकरीसाठी मी जपानी, रशियन, काहीही शिकले असते.

क्लासातल्या मॅडम आमच्याकडून पाढ्यांसारखी घोकंपट्टी करून घ्यायच्या. सगळा वर्ग एका सुरात, माना हलवत. मीही हलवायची. फूल मार्केट ओलांडेपर्यंत निम्मं सांडलेलं असायचं. मग मयूरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जुन्या मोबाइलवर मी एक शेतीचा गेम उतरवला आणि त्याची भाषा जर्मन करून टाकली. पहिल्या आठवड्यात माझं सगळं पीक कुजलं, कारण आभाळाच्या कोपऱ्यात 'रेगेन' लिहून येत होतं आणि ते म्हणजे पाऊस हे मला कळत नव्हतं. पीक कुजल्यावर कळलं. पुन्हा कधी विसरले नाही. तिथे अर्थ सांगायला कुणी नसतं. मेंढी भुकेली असते, फाटक उघडं असतं, शब्द आला नाही तर मेंढी जाते. इतकं सोपं.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या की हे रिकामटेकड्यांचे धंदे आहेत, व्याकरण पक्कं करा. परीक्षेत मला त्यांच्या वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले तेव्हा त्यांनी वर्गाला सांगितलं की बघा, घोकण्याचा फायदा.

नुसता गेमच नव्हता. कपाटाला, टाकीला, फ्रिजला जर्मन नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. देव्हाऱ्याची तेवढी सासूबाईंनी काढून टाकली, ते बरोबरच होतं. कणीक मळताना कानात जर्मन रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या लावायची आणि त्या बाईच्या मागून, अर्धा शब्द उशिरा, तेच ओठांनी म्हणत जायची. तिला श्वास घ्यायला थांबायला लागलं की मीही थांबायची. हॅम्बुर्गला वारा सुटला की माझी कणीक घट्ट व्हायची.

आणि वैदेही. तिला मी काही शिकवलं नाही. ती शाळेतून येऊन माझ्या मांडीत बसायची आणि मेंढ्यांना नावं द्यायची. एकदा तिने आजीकडे "ब्रोट दे", म्हणजे पाव दे, म्हणून हात पसरला आणि आजीने डब्यातून चपाती काढून दिली. न विचारता. दोघींना काही विशेष झालंय असं वाटलंच नाही. मी मात्र त्या दिवशी तिच्या केसांचा वास घेत किती वेळ बसले होते.

गेममध्ये आमच्या शेताला लागून उर्सुलाचं शेत. ती लाइपझिगला ट्राम चालवायची, आता रिटायर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे खुर्चीत बसून शेती करते. तिची सकाळची कॉफी आणि माझी दुपारची भांडी एकाच वेळी आवरतात. गेममध्ये माइक लावून बोलता येतं, म्हणून आम्ही बोलायला लागलो. माझ्या चुकांना ती हसत नाही, तेच वाक्य बरोबर करून पुढे बोलत राहते, जसं आपण लहान मुलाशी बोलतो. थोड्याच दिवसांत तिने विचारलं की तुझ्या घरी कोणी आजारी असतं का, तू नेहमी कुजबुजतेस का.

काय सांगणार? आमची खोली एक. मधे पडदा. भिंतीपलीकडे वैभवची आई, तिला माझ्या फोडणीत मोहरी किती पडली तेही कळतं. बाहेर गॅलरी, आणि तिच्यावरून सगळ्या मजल्याची ये-जा. दुपारी सासूबाई झोपतात, त्यांचं बीपी आहे. संध्याकाळी मयूर शिवडीच्या गोदामातून दमून येतो, त्याला बातम्या हव्या असतात. मी मोठ्याने बोलणार कधी आणि कुठे? उर्सुलाला म्हटलं, घर लहान आहे. ती म्हणाली, माझंही लहानच आहे, दोनच खोल्या.

ह्याचा हिशेब झाला तो इंटरव्ह्यूच्या दिवशी. लेखी परीक्षा मी पहिल्या फटक्यात काढली होती. मग स्क्रीनवर एक जर्मन बाई आली, गोड होती. तिने विचारलं, रोग्याच्या नातेवाइकांना ऑपरेशन कसं समजावून सांगाल. मला सगळं येत होतं. शब्द न शब्द. मी बोलायला लागले आणि ती पुढे वाकून म्हणाली, "लाउटर, बिटे." अजून मोठ्याने, प्लीज.

मी आवाज चढवला आणि माझी जर्मन गेली. म्हणजे अक्षरशः गेली. मोठ्या आवाजात ते शब्द माझ्या तोंडाला ओळखीचेच नव्हते. जीभ लुळी पडली. पुन्हा हळू बोलले की यायचे, पुन्हा ती म्हणायची लाउटर, पुन्हा सगळं पुसलं जायचं. मला जर्मन येत होती, पण फक्त कुजबुजत. हे कुठल्या भाषेत कुणाला सांगायचं? बाईने शेवटी कंपनीच्या माणसांना सांगितलं की हिला दिवाळीनंतर परत बोलवा, हिला बोलायची सवय नाही. लहानपणापासून जिला सगळे बडबडी म्हणत आले, तिला बोलायची सवय नाही.

तेव्हा मला गावची खोली आठवली.

आमच्या मजल्याच्या टोकाला, मोरीला लागून, आमच्या गावच्या मंडळाची खोली आहे. मिल होत्या तेव्हा कोकणातून एकटे आलेले बाप्ये तिथे पाळीपाळीने झोपायचे. एक पाळी कामावर, एक अंथरुणावर. आता तिथे कुणी राहत नाही. शिमग्याचे ढोल आहेत, घडीच्या खुर्च्या आहेत, देवीचा फोटो आहे आणि मधोमध एक चटई आहे. त्या चटईवर संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर रमी चालते. दुपारी कुलूप. बायकांनी तिथे वर्षातून एकदा, पूजेच्या आदल्या दिवशी, झाडून-पुसून घ्यायला जायचं अशी रीत आहे. कुणी केली, कुणी लिहिली, माहीत नाही. पण आहे.

किल्ली असते आनंदाकाकांकडे. हे मयूरचे चुलतकाका, मंडळाचे सेक्रेटरी. मयूर म्हणाला मी विचारतो, पण त्याचं विचारणं मला माहीत आहे, म्हणून मीच गेले. अभ्यासाला बसते म्हटलं, दुपारची, तासाभरासाठी. काकांना आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खरंच झाला. म्हणाले सूनबाई, तुझ्या सासऱ्यांची जागा तू चालवणार म्हण की, त्याच कंपाउंडात. किल्ली दिली आणि जाताना म्हणाले, तिथे आहेसच तर जरा झाडून पण घेत जा.

झाडलं की मी. रोज. पत्त्यांखालची शेंगदाण्याची सालं काढली, विड्यांची थोटकं काढली. आणि मग दार लोटून घेऊन उभी राहायची, दोन्ही हात मोकळे, आणि बोलायची. पहिल्या दिवशी उर्सुला दचकली. म्हणाली, तू अशी आहेस होय, मला वाटायचं तू कुणी बारीकशी मुलगी आहेस. वैदेही ढोलावर बसून पाय हलवत असायची. तिलाही पहिल्यांदा कुणी शू म्हणत नव्हतं. ती मेंढ्यांवर ओरडायची, मी तिच्यावर ओरडायची, उर्सुला आम्हा दोघींवर. रेडिओवरच्या बाईच्या मागून मी आता तिच्याइतक्याच आवाजात बोलायला लागले. माझा आवाज खालून, पोटातून यायला लागला. नर्स होते तेव्हा वॉर्डमध्ये असा आवाज होता माझा. मी विसरलेच होते.

एका दुपारी गेममध्ये मोठं वादळ आलं आणि उर्सुलाच्या मेंढ्या आमच्या शेतात घुसल्या. मी आणि वैदेही उभ्या राहून किंचाळत होतो, "माख दास टोअर त्सू." फाटक लाव, फाटक लाव. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. दारात गणपतभाऊ, काकांचे रमीतले जोडीदार, सुट्टी होती म्हणून लवकर डाव टाकायला आलेले. त्यांनी मला पाहिलं, हातातला मोबाइल पाहिला, उड्या मारणारी पोर पाहिली, मोबाइलमधून खिदळणारा आवाज ऐकला. दार पुन्हा लोटून गेले.

संध्याकाळी मयूर आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं की गावच्या खोलीत गेम खेळले जातात. त्या ग्रुपवर बायका नाहीत, म्हणून आपल्याविषयी काय लिहिलंय ते नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं. एकाने लिहिलं होतं, फोनवर बाहेरचं माणूस कोण असतं त्याची चौकशी व्हावी. मयूर म्हणाला, तू त्यांना गेम खेळतेस असं सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, अभ्यास करते असं सांगितलं होतं आणि अभ्यासच करते. तो म्हणाला, ते मला कळतं ग, पण त्यांना कसं सांगू. त्याला कळतं. त्याला नेहमीच कळतं, पण ते दारापर्यंतच येतं.

सासूबाई ताटात भात काढत होत्या. ह्या बाईने त्या खोलीतल्या बाप्यांची खानावळ चालवली आहे, वर्षानुवर्षं, ह्याच शेगडीवर. मला वाटलं होतं त्या मलाच बोलतील. त्या खाली बघून म्हणाल्या, "मी इतकी वर्सां दारातसूनच ताटां दिलंय. आतमदी कसा दिसता ता माका पूजेक झाडूक गेल्यावरच कळता." आणि मग लगेच, तेवढ्याच थंडपणे, सांगितलं की किल्ली देऊन टाक, गावकीशी वाकडं घेऊ नको. मला दोन्ही वाक्यांचा राग आला आणि दोन्ही वाक्यांसाठी रडू आलं.

दुसरा इंटरव्ह्यू येत्या गुरुवारी होता. मंडळाने त्याआधीच्या रविवारी बैठक ठेवली.

बैठकीला बायका जात नाहीत. मी गेले, कारण किल्ली माझ्याकडे होती. माझं बोट धरून वैदेही आली. आत सगळे खुर्च्यांवर बसलेले, मयूरला एक खुर्ची पुढे केली, मला नाही. मी ढोलापाशी उभी राहिले. मधोमध चटई होती आणि चटईवर डाव अर्धवट टाकून त्यावर वर्तमानपत्र पांघरलं होतं. कडेने एक राजा बाहेर डोकावत होता.

काकांनी फार सभ्यपणे सुरुवात केली. शिक्षणाला मंडळाचा विरोध नाही. दरवर्षी आपण गुणवंत मुलांना कंपासपेट्या देतो. पण ही पूर्वजांच्या घामाची जागा आहे, इथे मोबाइलवर गेम खेळणं, पोराबाळांना त्याची सवय लावणं, आरडाओरडा करणं शोभत नाही. कुणीतरी म्हणालं, क्लास असता तर गोष्ट वेगळी. गणपतभाऊंनी मान हलवली. ते सगळं मयूरला सांगत होते. मी तिथे उभी होते आणि माझ्याविषयी माझ्या नवऱ्याला सांगितलं जात होतं. मयूर चटईकडे बघत होता.

मी सांगायला गेले की ही भाषा अशीच येते, बोलल्याशिवाय येत नाही, पुस्तकातून मी ती मुकी शिकले होते, इथे ती बोलती झाली. मेंढ्यांचंही सांगितलं. मेंढ्यांवर दोघंतिघं हसले. मग मला राहवलं नाही.

"काका, गेम चालत नाही ना इथे? मग ती चटई उचला."

एक खुर्ची करकरली. काका म्हणाले की पत्त्यांची गोष्ट वेगळी, ते चार माणसांनी मिळून बसायचं निमित्त आहे, त्याला गेम म्हणत नाहीत. मी म्हटलं, मीही मिळूनच बसते, लाइपझिगच्या बाईबरोबर बसते, माझ्या लेकीबरोबर बसते, आणि उठताना तुमची सालं झाडून उठते. माझा आवाज कुठून येत होता मला कळत नव्हतं. पोटातून येत होता. उर्सुला ज्या आवाजाला दचकली होती तोच, फक्त मराठीत. मी विचारलं, ह्या खोलीत राहिलेल्या माणसांना जेवू कोण घालत होतं, त्यांचा घाम धरायचा तर त्या बाईचा का नाही धरायचा, ती आज पण पलीकडे गॅलरीतच उभी आहे, बघा जाऊन.

काकांनी हात वर केला. रागावले नव्हते. समजूत घालावी तसं, आजूबाजूला बघून म्हणाले, "सूनबाई, जरा हळू. बाहेर ऐकू जातं."

एक म्हणते मोठ्याने, एक म्हणतात हळू, आणि दोघंही प्लीज म्हटल्यासारखंच म्हणतात. मला हसायलाच आलं. मी म्हणाले, ऐकू जाऊ दे. तेवढंच म्हणाले, कारण पुढचं बोलायच्या आत मयूर उठला. त्याने माझ्या मुठीतून किल्ली काढली, हळुवार, बोट न बोट उघडून, वैदेहीच्या हातातून कात्री काढून घेतो तशी. आणि वर्तमानपत्रावर ठेवली. बरोबर त्या राजाच्या बाजूला.

त्याने ते माझ्या भल्यासाठी केलं, असं तो म्हणाला. जेवताना म्हणाला, झोपताना पण म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर आवाज चढला असता, आणि भिंतीपलीकडे वैभवची आई जागी होती.

सोमवारी वैदेहीला शाळेतून आणलं आणि घरी न येता आम्ही दोघी जागा शोधत फिरलो. गच्चीला कुलूप, किल्ली मंडळाच्याच माणसाकडे. पालिकेची बाग दुपारची बंद. वॉचमन म्हणाला, चार वाजता या मॅडम, आणि चारला तिथे सगळी आजोबामंडळी असतात. देवळात शांतता राखा असा बोर्ड. पुलाखाली ट्रकांच्या आवाजात मी एक वाक्य बोलून पाहिलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर थांबलो तर एक माणूस रडत फोनवर बोलत होता, मोठमोठ्याने, आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. एवढी मोठी मुंबई, सगळी नुसती ओरडत असते. फेरीवाले ओरडतात, हॉर्न ओरडतात, मंडपातले लाउडस्पीकर ओरडतात. त्यात एका बाईला चार वाक्यं बोलून बघायला चार फूट जागा नसावी? दमून एका सरबतवाल्यापाशी बसलो. वैदेहीने कोकम घेतलं. ओठांवर लाल मिशी आली, ती मी पदराने पुसली.

घरी आलो तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. गॅलरीत कठड्यापाशी आम्ही दोघी खाली बसलो आणि मी मोबाइल उघडला. शेत तसंच होतं. उर्सुला फाटकापाशी उभी. दोन दिवस आम्ही आलो नव्हतो, म्हणून तिने आमच्या मेंढ्यांना चारा घालून ठेवला होता.

"हाल्लो?" मोबाइलमधून आवाज आला. "आकांक्षा? वैदेही?"

"हाल्लो उर्सुला," वैदेही खच्चून ओरडली, दोन्ही हात वर करून, जशी ती ढोलावर बसून ओरडायची तशी.

आणि माझा हात तिच्या तोंडावर गेला. मी नेला नाही. तो आपला आपण गेला, त्या दुपारी तो माफीचा शब्द आला होता तसा. तळव्याखाली तिचे ओठ हलत होते, गरम, कोकमाने अजून चिकट.

पडद्यामागे सासूबाईंनी कूस बदलली. पलीकडच्या दाराची कडी वाजली. मोबाइलमधून उर्सुला विचारत होती, कोण आजारी आहे का, तुम्ही दिसताय पण बोलत नाही.

वैदेहीने माझा हात दोन्ही हातांनी धरून खाली घेतला. सोडला नाही. रागावली नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती. गळ्याशी येऊन, अगदी कुजबुजत, माझ्याच त्या जुन्या आवाजात तिने विचारलं,

"आई, मग आपण मोठ्याने कुठे बोलायचं?"